इन-हँड पगाराचं गणित: या चुका टाळा

ऑफर लेटर हातात पडलं की पोरं सीटीसीला, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चाला, बाराने भागतात आणि त्या आकड्यावर बाईकचा ईएमआय ठरवून मोकळी होतात. मग पहिली सॅलरी स्लिप येते आणि फोन सुरू होतात, "काका, सरकारने एवढा टॅक्स कापला?"

नऊ लाखांचं पॅकेज घ्या. भागाकाराने महिन्याला ७५,०००. त्यात दहा टक्के व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारा भाग, असेल तर ७,५०० आधीच बाजूला. ते मिळतील तेव्हा खरे. बेसिक ३७,५०० धरलं तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ ४,५०० आणि ग्रॅच्युइटीपोटी साधारण १,८००. हे सीटीसीत मोजलेलं असतं, पण दरमहा खात्यात येत नाही. उरले ६१,२००. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ४,५०० आणि प्रोफेशनल टॅक्स २००. हातात ५६,५००. आणि इन्कम टॅक्स? शून्य! २०२५-२६ च्या न्यू रिजीममध्ये, म्हणजे नव्या कररचनेत, एवढ्या पगारावर तो बसतच नाही. काही कंपन्या पीएफ १५,००० पगाराच्या मर्यादेवर धरून १,८०० च कापतात, त्यामुळे मित्राच्या स्लिपशी तुलना करून भांडायला जाऊ नका. मी तर सही करण्याआधी एचआरकडून महिन्याचा ब्रेकअप मेलवर मागवायला सांगतो. तोंडी आकड्यावर माझा विश्वास नाही.

दुसरी चूक महागडी आहे: वर्षाच्या मध्ये नोकरी बदलायची आणि आधीचा पगार नव्या कंपनीला कळवायचाच नाही. नात्यातल्या एका मुलाने ऑक्टोबरमध्ये उडी मारली. आधी महिन्याला एक लाख, नंतर सव्वा लाख. जुन्या कंपनीने वर्षाचे बारा लाख धरले, ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन (पगारदारांची सरसकट वजावट) वजा केलं, रिबेट (करमाफी) बसला, टीडीएस, म्हणजे पगारातून कापायचा कर, शून्य. नव्या कंपनीला दिसले फक्त सहा महिन्यांचे साडेसात लाख. तिनेही पुन्हा तेच डिडक्शन, तोच रिबेट दिला. तिथेही शून्य. पठ्ठ्या खूश. जुलैत रिटर्न भरायला बसलो तर एकूण पगार साडेतेरा लाख, करपात्र पावणेतेरा. बारा लाखांच्या वर गेल्याने रिबेट उडाला. सेससकट कर ७४,१००, शिवाय आगाऊ कर वेळेत न भरल्याचं २३४बी आणि २३४सी कलमांखालचं व्याज वेगळं. आधीचा पगार नव्या कंपनीला कळवायचा फॉर्म १२बी का नाही भरलास, विचारलं तर मान खाली. इंटरव्ह्यूमध्ये जुना पगार फुगवून सांगितला होता, तो उघडा पडेल ही भीती! निदान दर महिन्याला थोडाथोडा टीडीएस कापला गेला असता, एकदम खिशाला भोक पडलं नसतं.

नोकरी सोडताना शेवटची स्लिप, फुल अँड फायनलचा हिशेब आणि तोवर कापलेल्या टीडीएसचा आकडा माझ्याकडे एका फोल्डरमध्ये जातो, पहिल्याच आठवड्यात. कंपनीच्या पोर्टलचं लॉगिन बंद झाल्यावर जुन्या एचआरच्या मागे कोण धावणार?

"पगारवाढ नको, स्लॅब बदलेल" म्हणणारे अजून भेटतात. वरचा दर फक्त वरच्या रकमेला लागतो. बारा लाखांची रेषा जेमतेम ओलांडली तरी मार्जिनल रिलीफ आहे, म्हणजे वरच्या रकमेपेक्षा जास्त कर बसत नाही.

बारा लाखांपर्यंत कर नाही, हे ऐकून शेअर्सचा नफाही त्यात ढकलू नका. शॉर्ट टर्म गेनच्या विशेष दराच्या करावर तो रिबेट चालत नाही.

एप्रिलमध्ये रिजीम न निवडल्यास एचआर न्यू रिजीमच धरतं, आणि तिच्यात घरभाड्याची सूट नसते. मग जानेवारीत भाडेपावत्या घेऊन धावपळ करून पगारातला टीडीएस कमी होत नाही. ओल्ड रिजीमच फायद्याची असेल, तर ती रिटर्नमध्ये, मुदतीच्या आत निवडा. आणि आईच्या नावाने खोट्या पावत्या फाडणाऱ्यांना मी दारातूनच परत पाठवतो. वर्षाला लाखाच्या वर भाडं दाखवलं की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो, आणि ते भाडं आईच्या उत्पन्नात दिसायला हवं.

फेब्रुवारीत शंभर रुपये कमी आले म्हणून फोन करू नका. महाराष्ट्रात त्या महिन्यात प्रोफेशनल टॅक्स ३०० असतो, वर्षाचे २,५०० पुरे व्हायला.