मापात पाप आणि शेकडा नफा : या चुका टाळा

‘एक दुकानदार खरेदीच्याच भावाने डाळ विकतो, पण किलोऐवजी ९०० ग्रॅमचं वजन वापरतो. शेकडा नफा किती?’ भरतीच्या वर्गात हे गणित फळ्यावर लिहिलं की खडू खाली ठेवायच्या आत मागच्या बाकावरून उत्तर येतं, दहा! पर्यायांतही दहा असतोच. मुलं कुठे घसरतात ते पेपर काढणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

शंभर ग्रॅम मारले हे खरं. पण नफा मोजायचा तो दुकानदाराच्या खर्चावर, आणि त्याच्या पोत्यातून गेली फक्त ९०० ग्रॅम डाळ. हिशेबाला सोपं म्हणून ग्रॅमला १ रुपया धरा (एवढी महाग डाळ कुठे मिळते विचारू नका). पोत्यातून गेले ९००, गल्ल्यात आले १०००. नफा १००, तो ९०० वर, म्हणजे ११.११ टक्के. छेदात १००० घातले की गणित गेलंच.

हे एकदा कळलं की मुलं ११.११ पाठ करून टाकतात, आणि तिथे दुसरा सापळा लागतो. ‘काटा खऱ्या वजनापेक्षा १० टक्के जास्त दाखवतो’ हे वाक्य वेगळं आहे. इथे १०० ग्रॅम ठेवले की काटा ११० दाखवतो. पैसे ११० चे, माल १०० चा, म्हणून नफा बरोबर १० टक्के! पहिल्या गणितात चुकीचं असलेलं उत्तर इथे बरोबर. फरक एवढाच की १० टक्के कशाचे, लिहिलेल्या वजनाचे की खऱ्या मालाचे. प्रश्न वाचताना या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारा.

आमच्याकडे उसाच्या पट्ट्यातल्या पोरांना हे ‘काटामारी’ म्हटलं की लगेच समजतं. गाडीत ऊस २० टन, काट्यावर भरला १८. घेणाऱ्याला २ टन फुकट मिळाले, त्याने पैसे मोजले १८ चे. त्याचा फायदा २/१८, म्हणजे ११.११ टक्के. शेतकऱ्याचं नुकसान मात्र २/२०, म्हणजे १० टक्के. ऊस तोच, टन तेवढेच, टक्के दोन.

टक्क्यांची बेरीज करण्याची खोड तर जाता जात नाही. भाव १० टक्के चढवला आणि वरून ९०० ग्रॅमच दिले, तर कोणी २० लिहितो, कोणी २१.११. आले ११००, गेले ९००. नफा २००/९००, म्हणजे २२.२२ टक्के. ‘५ टक्के तोट्याने विकतो’ म्हणणारा साळसूदही असाच पकडा. आले ९५०, गेले ९००, म्हणजे तोटा कसला, ५.५६ टक्के नफाच.

उलटं गणित आलं, ‘नफा २५ टक्के, तर किलोला माल किती दिला?’, की निम्मा वर्ग ७५० म्हणतो. ताळा करून पाहा. २५०/७५० म्हणजे ३३.३३ टक्के, जुळत नाही. १००० ला १.२५ ने भागा, ८०० येतात. मग २००/८०० करा, पंचवीस जुळतात.