‘सेकिरो’ अन्यायकारक वाटतो? मत बनवण्याआधी या चुका टाळा

सांगलीत विश्रामबागला माझ्या घरी दर रविवारी दुपारी पाच-सहा तरुण खेळाडू जमतात. त्यांतले दोघे अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहेत, एक जण मिरजेहून येतो आणि बाकीचे शेजारपाजारचेच आहेत. ‘सेकिरो : शॅडोज डाय ट्वाइस’ या एका व्हिडिओ गेमबद्दल या खोलीत मी जितकी टोकाची मते ऐकली आहेत, तितकी दुसऱ्या कोणत्याही खेळाबद्दल ऐकलेली नाहीत. शत्रूची हेल्थ, म्हणजे जीवशक्ती, कमीच होत नाही, असे एक जण म्हणतो. बटण वेळेवर दाबूनही गेम ते घेत नाही, अशी दुसऱ्याची तक्रार असते. आणि ज्याने खेळ शेवटपर्यंत नेला तो मात्र, इतका न्याय्य तलवारीचा खेळ आपण आजवर खेळलो नाही, असे ठामपणे सांगतो. ही तिन्ही मते प्रामाणिक आहेत. त्रास खरा असतो, पण त्याचे कारण बहुतेक वेळा चुकीच्या ठिकाणी शोधले जाते, असे मला या सगळ्यांचे खेळणे जवळून पाहिल्यावर वाटू लागले आहे.

फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीने तयार केलेला आणि हिदेताका मियाझाकी यांनी दिग्दर्शित केलेला हा खेळ २२ मार्च २०१९ रोजी आला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळ ठरला. जपानच्या सेंगोकू काळाच्या, म्हणजे सरदारांच्या आपसातल्या युद्धांच्या काळाच्या, अखेरीस आशिना नावाच्या काल्पनिक प्रांतात आपण एका हात गमावलेल्या निन्जाची, म्हणजे शिनोबीची, भूमिका करतो. ‘सेकिरो’ या नावाचा अर्थच एकहाती लांडगा असा आहे. खेळात सोपे, मध्यम, कठीण असे पर्याय नाहीत आणि याच मुद्द्यावरून प्रकाशनानंतर जगभरच्या खेळाडूंमध्ये मोठा वाद झाला होता. पर्याय असायला हवे होते, हे म्हणणे मला चुकीचे वाटत नाही. मात्र पर्याय नसल्यामुळे खेळ स्वतःची एकच पद्धत खेळाडूवर लादतो, आणि ती पद्धत न ओळखणे हीच पहिली आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

हेल्थच्या पट्टीकडे पाहत लढणे

तलवारीच्या बहुतेक खेळांत आपण शत्रूवर दोन वार करतो, मागे सरतो, त्याचा वार चुकवतो आणि पुन्हा दोन वार करतो. याच कंपनीचे ‘डार्क सोल्स’ खेळून आलेल्या खेळाडूच्या बोटांना तर ही सवय इतकी जडलेली असते की तो ‘सेकिरो’तही पहिले काही तास शत्रूभोवती गोल फिरत राहतो. येथे ती सवय उलटते, कारण येथे शत्रू बहुतेक वेळा हेल्थ संपून पडत नाही, तर तोल जाऊन पडतो. पडद्यावर वरच्या बाजूला भरत जाणारी पिवळसर-नारिंगी पट्टी म्हणजे त्याचे पोश्चर. ती पूर्ण भरली की त्याचा तोल सुटतो आणि एकाच निर्णायक वाराने तो संपतो, मग त्याची हेल्थ कितीही शिल्लक असो.

हे मला मुलांना नीट समजावता येत नव्हते. ते समजावले आमच्यातल्या एका मुलाच्या आजोबांनी, ज्यांचे तारुण्य तालमीत गेले होते आणि ज्यांनी व्हिडिओ गेम कधी हातात धरलेला नव्हता. नातू ग्योबु या घोडेस्वार सेनापतीशी लढताना सारखा लांब पळत होता. आजोबा थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “आरं, त्येला दम खाऊ देऊ नगंस. सोडलास की त्यो पुन्हा उभा ऱ्हातोय.” कुस्तीत समोरच्याला मारून हरवायचे नसते, त्याची पाठ टेकवायची असते, आणि पकड सुटली की तो सावरतो. पोश्चरचे गणित अगदी हेच आहे. आपण मागे सरून औषधाचा भोपळा तोंडाला लावतो तेवढ्या काही सेकंदांत शत्रूची जवळजवळ भरत आलेली पट्टी झरझर उतरते आणि मग खेळाडूला वाटते की इतके लढूनही काहीच झाले नाही. शत्रूची हेल्थ कमीच होत नाही, या तक्रारीचे मूळ येथे आहे.

याचा अर्थ हेल्थ निरर्थक आहे, असा मात्र घेऊ नये. अगदी उत्साहाने केवळ वार अडवत बसणारे खेळाडूही मी पाहिले आहेत आणि त्यांचे बॉस (मोठे, महत्त्वाचे शत्रू) पंधरा-पंधरा मिनिटे मरत नाहीत. शत्रूची हेल्थ भरलेली असते तेव्हा त्याचा तोल लवकर सावरतो, आणि हेल्थ जसजशी घटते तसतसे सावरणे मंदावते. म्हणून मोठ्या लढतीच्या सुरुवातीला मिळेल त्या फटीत वार करून हेल्थ थोडी खाली आणावी आणि नंतर अंतर न सोडता पोश्चरचा दाब वाढवत न्यावा. हाच नियम आपल्यालाही लागू आहे. आपली हेल्थ कमी असेल तर आपला तोलही हळू सावरतो. मात्र ब्लॉकचे बटण दाबून स्थिर उभे राहिल्यास तो लवकर सावरतो. घाबरून धावत सुटणारे खेळाडू नेमकी ही सोय वाया घालवतात.

बटण बडवणे, आणि टीव्हीवर विश्वास ठेवणे

शत्रूचा वार आपल्यापर्यंत पोहोचण्याच्या नेमक्या क्षणी ब्लॉकचे बटण दाबले की वार परतवला जातो. खेळाडू त्याला डिफ्लेक्ट म्हणतात. नेमकी वेळ साधत नाही असे वाटले की बोट आपोआप बटणावर टकटक करू लागते. पहिल्या काही शत्रूंवर ते चालूनही जाते, आणि म्हणूनच ही सवय घातक ठरते. बटण पाठोपाठ दाबत राहिल्यास डिफ्लेक्टसाठी मिळणारा अवधी खेळच कमी कमी करत जातो. थोडे थांबून दाबले की तो अवधी पुन्हा पूर्ववत होतो. म्हणजे जितकी घाई, तितके यश दूर, अशी व्यवस्था जाणूनबुजून केलेली आहे. शिवाय आपली पोश्चरची पट्टी काठोकाठ भरलेली असतानाही अचूक डिफ्लेक्ट केल्यास तोल जात नाही. साध्या ब्लॉकने मात्र जातो. ही एक गोष्ट मनात ठसली की शेवटच्या क्षणी पळण्याची गरज उरत नाही.

वेळ डोळ्यांपेक्षा कानांनी लवकर कळते, असा माझा अनुभव आहे. साध्या ब्लॉकचा आवाज बोदा येतो, तर डिफ्लेक्टचा आवाज खणखणीत असतो आणि ठिणग्याही मोठ्या उडतात. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणारा कारागीर घोडीवर अगदी किंचित घासतो, तार छेडतो, ऐकतो आणि पुन्हा घासतो. त्याच चिकाटीने एकाच शत्रूचा एकच वार वीस वेळा ऐकावा. त्यासाठी खेळातच सोय आहे. पडक्या मंदिराच्या आवारात हानबेई नावाचा मृत्यूहीन सामुराई सरावासाठी उभा असतो. आमच्या खोलीतल्या सहापैकी चौघांनी त्याच्याशी एकदा बोलून त्याला कायमचे सोडून दिले होते, आणि बटण चालत नसल्याची तक्रार सर्वांत जास्त त्याच चौघांची होती.

तरीही काही वेळा दोष खरोखरच बोटांचा नसतो. आजच्या टीव्हींमध्ये चित्र गुळगुळीत दिसावे म्हणून अनेक प्रक्रिया चालू असतात आणि त्यांमुळे चित्र पडद्यावर उशिरा उमटते. सिनेमा पाहताना ते जाणवत नाही, पण येथे तेवढ्या उशिराने डिफ्लेक्टचा ब्लॉक होतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘गेम मोड’ चालू करावा आणि हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय बंद करावा. कंट्रोलर शक्यतो केबल लावून वापरावा. संगणकावर खेळ सेकंदाला जास्तीत जास्त ६० फ्रेम दाखवतो. तुमच्या संगणकाला ६० झेपत नसतील आणि आकडा सतत वर-खाली होत असेल, तर सावल्या आणि इतर दृश्य तपशील कमी करावेत, कारण या खेळात चित्राच्या सौंदर्यापेक्षा त्याची स्थिरता कितीतरी अधिक मोलाची आहे. आमच्या मिरजेच्या मित्राने दोन महिने स्वतःला दोष दिला होता; गेम मोड लावल्यावर त्याने त्याच संध्याकाळी अडलेला बॉस पाडला.

लाल चिन्ह दिसले की मागे उडी मारणे

पडद्यावर मोठे लाल अक्षर उमटले की पुढचा वार साध्या ब्लॉकने अडणार नाही, हा इशारा असतो. येथे एकच उत्तर सर्व वारांना लावणे ही चूक आहे. वार तीन प्रकारचे असतात. भोसकण्याचा वार असेल तर मागे न पळता शत्रूच्या दिशेने डॉज करून (झटकन सरकून) त्याचे शस्त्र पायाखाली दाबावे. याला मिकिरी काउंटर म्हणतात आणि ते कौशल्य सुरुवातीलाच घेणे आवश्यक आहे, दुसरे काही घेतले नाही तरी चालेल. पायांवरून फिरणारा वार असेल तर उडी मारावी आणि हवेतच पुन्हा उडीचे बटण दाबून शत्रूच्या डोक्यावर पाय द्यावा, म्हणजे त्याच्या पोश्चरला मोठा धक्का बसतो. पकडण्याचा प्रयत्न असेल तर मात्र खरोखर दूर जावे. म्हणून चिन्हाकडे न पाहता शत्रूच्या खांद्याकडे आणि शस्त्राच्या टोकाकडे पाहावे. चिन्ह सर्वांसाठी सारखेच असते.

कृत्रिम हाताची हत्यारे जपून ठेवणे

ही चूक थोडक्यात सांगता येते. गमावलेल्या हाताच्या जागी आपल्याला कृत्रिम हात मिळतो आणि त्यात निरनिराळी हत्यारे बसवता येतात. साखळदंडाने बांधलेला राक्षस आगीला घाबरतो, ढालवाल्याची ढाल कुऱ्हाडीने फुटते, ग्योबुचा घोडा फटाक्यांनी बिथरतो. आग आणि कुऱ्हाड ही दोन्ही हिराता वाड्याच्या आठवणीत, म्हणजे नायकाच्या भूतकाळातल्या भागात, मिळतात. त्यासाठी गावाबाहेरच्या वृद्धेने दिलेली घंटा पडक्या मंदिरातल्या बुद्धमूर्तीला वाहावी लागते. पुष्कळ खेळाडू घंटा खिशात ठेवूनच राक्षसाशी झुंजतात आणि खेळाला नावे ठेवतात. हिराता वाड्याच्या शेवटी असलेली लेडी बटरफ्लाय जड जात असेल, तर तिला तसेच सोडून मुख्य वाटेने पुढे जाता येते, हेही अनेकांच्या लक्षात येत नाही.

आणखी एक विसर पडतो तो आपण शिनोबी असल्याचा. अनेक मिनी-बॉसच्या हेल्थच्या पट्टीजवळ दोन लाल ठिपके असतात, म्हणजे त्याला दोनदा मारावे लागते. आजूबाजूचे शिपाई आधी एकेक करून टिपावेत, नजरेआड व्हावे, त्याचा शोध थांबला की मागून जाऊन एक ठिपका चोरपावलांनी संपवावा आणि मगच समोरासमोर उभे राहावे. ही लबाडी आहे, असे आमच्यातल्या एकाला फार दिवस वाटत होते. खेळानेच आपल्याला निन्जा केले आहे, त्यामुळे मला तसे वाटत नाही.

मरणाची धास्ती

पूर्ण मृत्यू झाला (म्हणजे मेल्यावर तिथेच पुन्हा उठता आले नाही) की जवळचे अर्धे पैसे आणि पुढच्या कौशल्यासाठी साठत असलेला अर्धा अनुभव जातो. कधीकधी ‘अदृश्य साहाय्या’ने दोन्ही वाचतात आणि सुरुवातीला त्याची शक्यता ३० टक्के असते. वारंवार मेल्यास आजूबाजूच्या पात्रांना ड्रॅगनरॉट हा खोकल्याचा रोग जडतो आणि ती शक्यता घटते. हे वाचून किंवा अनुभवून खेळाडू इतके दचकतात की धाडसाने लढणेच सोडून देतात. वास्तविक या रोगाने कोणी मरत नाही. त्या पात्रांच्या कथा तेवढ्या थांबतात आणि उपाय केल्यावर पुन्हा सुरू होतात. एकदा पूर्ण मिळालेला कौशल्यगुण मृत्यूने जात नाही. पैसे हातात खेळवत ठेवण्याऐवजी व्यापाऱ्यांकडून नाण्यांच्या थैल्या घेतल्या तर त्या थैल्याही सुरक्षित राहतात. म्हणून बॉसच्या दारात जाण्यापूर्वी हाताशी असलेले पैसे थैल्यांत घालावेत आणि पहिल्या पाच लढती जिंकण्यासाठी नव्हे, तर त्याचे वार ओळखण्यासाठी लढाव्यात.

दुबळे शत्रू शेकड्याने मारून आपण बलवान होऊ, ही आशाही येथे फारशी फळत नाही. तलवारीची ताकद मुख्यतः मोठ्या बॉसच्या ‘आठवणी’ मिळवूनच वाढते आणि हेल्थ व पोश्चर वाढवण्यासाठी चार-चार जपमणी जमवावे लागतात. ते मिनी-बॉसकडून किंवा शोधूनच मिळतात.

मत कधी बनवावे

स्टीम या संगणकावरील खेळांच्या ऑनलाइन दुकानात खेळ विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असल्यास परत करता येतो. ही सोय चांगली आहे, पण या खेळाचे पहिले दोन तास म्हणजे जुन्या सवयी मोडण्याचा काळ असतो, आणि त्या काळात दिलेला निकाल बहुधा जुन्या खेळांविषयीचा असतो. आशिना किल्ल्याच्या माथ्यावर गेनिचिरो या बॉसशी होणारी लढत हा माझ्या मते खरा टप्पा आहे. तोवरचे सगळे धडे तो एकत्र विचारतो आणि अखेरीस वीज फेकू लागतो. आपण हवेत असताना ती वीज अंगावर घेऊन जमिनीला पाय लागण्याआधी वार केल्यास ती त्याच्यावरच उलटते. त्याला पाडल्यानंतरही खेळ आवडला नाही, तर ते मत मी पूर्ण आदराने ऐकतो. २००५च्या ‘निन्जा गायडेन ब्लॅक’ या खेळामध्ये सुरुवातीलाच वारंवार मरणाऱ्याला ‘निन्जा डॉग’ नावाचा सोपा पर्याय दिला जात असे. तसा दिलासा येथे नाही, हे गैरसोयीचे आहेच.

एक तपासणी मात्र तक्रार करण्याआधी अवश्य करावी. आमच्यातला सर्वांत शांत खेळाडू एका रविवारी त्रासून आला आणि काल पडणारे साधे शिपाई आज दुप्पट वार झेलत असल्याचे सांगू लागला. आम्ही आधी टीव्ही पाहिला, मग केबल बदलली, मग त्याच्या सामानाची यादी उघडली. तीत ‘घंटेचा राक्षस’ ही वस्तू पडलेली होती. सेनपो मंदिराच्या डोंगरावर शोधता शोधता त्याने एक मोठी घंटा वाजवली होती. ती वाजवल्यावर शत्रूंकडून वस्तू अधिक मिळतात, पण सगळे शत्रू अधिक बळकट होतात. त्याने यादीतूनच ती वस्तू वापरून चिरडली, मूर्तीपाशी (खेळातल्या विश्रांतीच्या जागी) बसून उठला आणि त्याच फाटकातून पुन्हा आत गेला; पहिला शिपाई नेहमीइतक्याच वारांत पडला.