हॉटेल मॅनेजमेंट शिकायला निघण्याआधी: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलांसाठी तयारीची यादी

सगळ्यात आधी पासपोर्ट. कॉलेज ठरलेलं नसू दे, देश ठरलेला नसू दे, तरी पासपोर्ट आधी, कारण आपल्याकडे घोळ असतो तो नावात. एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्सकार्डावर ‘सुनिथा’, आधारवर ‘सुनिता’. एका कागदावर वडिलांचं नाव मधे पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, तिसऱ्यावर आडनाव पुढे. इकडच्या दप्तरात इंग्रजी लिहिताना ‘त’ला टी-एच लावायची सवय आहे, आणि ती परदेशातल्या अ‍ॅडमिशन ऑफिसला कोण समजावणार? म्हणून दहावी, सेकंड पीयू (बारावी), आधार आणि जन्मदाखला टेबलावर शेजारीशेजारी मांडा आणि एकेक अक्षर ताडून बघा. चूक दिसली तर शाळेच्या नोंदीपासून दुरुस्तीला लागा, याला महिने जातात. 1 नोव्हेंबर 2014 नंतर शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. तुमच्या जन्मदाखल्यावर बेळगाम असेल. पुढच्या प्रत्येक फॉर्मवर जन्मगाव पासपोर्टवर छापलंय तसंच भरायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही.

मग दरवाजा ठरवा. देशातच शिकायचं तर एनसीएचएम जेईई ही प्रवेश परीक्षा केंद्राची परीक्षा संस्था एनटीए घेते आणि तिच्यातून तीन वर्षांच्या बी.एस्सी.ला सरकारी आयएचएममध्ये (इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट) प्रवेश मिळतो. शाखा कुठलीही चालते, बारावीला इंग्रजी विषय मात्र हवा. दादरचं आयएचएम 1954 पासूनचं. आपल्याला जवळ पडतं ते गोव्यात पर्वरीचं, आणि बेंगळुरूचंही आहेच. पेपरात इंग्रजीचा भाग मोठा असतो. मराठी माध्यमातून आलेल्यांनी गणितापेक्षा तिकडे जास्त वेळ घालवावा, असं माझं मत.

दुसरा दरवाजा महाराष्ट्राचा, आणि तो अजून कितीतरी घरांत माहीत नाही. चार वर्षांच्या बीएचएमसीटी या हॉटेल मॅनेजमेंटच्या पदवीसाठी महाराष्ट्राचा सीईटी सेल परीक्षा घेतो. त्या प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातल्या, मातृभाषा मराठी असलेल्या उमेदवारांसाठी वेगळा प्रकार आहे, ‘टाइप ई’. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या 865 गावांपैकी तुमचं गाव असेल तर ही संधी सोडू नका. दाखले माहितीपुस्तिकेत छापलेल्या नमुन्यातच लागतात. ऐन फेरीच्या आठवड्यात ते मिळत नाहीत, आधी काढून ठेवा. सुप्रीम कोर्टातला सीमावादाचा दावा 2004 पासून चालू आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल, या प्रवेशासाठी त्याची वाट बघावी लागत नाही.

आता परदेश. ‘इंटरनॅशनल हॉस्पिटॅलिटी मॅनेजमेंट’ ही पदवी म्हटली की पहिलं नाव लोझानच्या शाळेचं येतं, 1893 ची, जगातली पहिली हॉटेल शाळा. नेदरलँड्समधली हेगची शाळा 1929 ची. लोझानचा खर्च कोटीच्या पलीकडे जातो, तेव्हा स्वप्न बघा पण आकडा बघून बघा. एजंटाला दोन गोष्टी थेट विचारा. पदवी कुठलं विद्यापीठ देतं? आणि तिला भारतात समकक्षता, म्हणजे इथल्या पदवीच्या बरोबरीची मान्यता, मिळते का? यूकेला जाणार असाल तर परदेशी विद्यार्थी घ्यायला परवाना असलेल्या संस्थांची यादी तिथलं सरकारच प्रसिद्ध करतं, त्यात नाव शोधा. ‘पगारी इंटर्नशिप, फी त्यातूनच सुटेल’ असं कोणी म्हणालं तर चहा पिऊन उठा. यूकेत पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येतं. स्वित्झर्लंडमध्ये आपल्यासारख्यांना पहिले सहा महिने कामच नाही आणि नंतर 15 तास. त्यात खर्चाला हातभार लागेल, फी निघणार नाही.

पैशाचं बोलणं घरात लवकर काढा. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक सहसा तारण मागते, आणि आपल्याकडे बहुतेकांजवळ असते ती शेती. शेतीचा उतारा कितीही स्वच्छ असला तरी शैक्षणिक कर्जाला बँका सहसा शेतजमीन घेत नाहीत. त्यांना घर किंवा बिगरशेती प्लॉट हवा. घर ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल तर ई-स्वत्तूचा, म्हणजे पंचायतीच्या ऑनलाइन मालमत्ता नोंदीचा, उतारा लागतो. शिवाय बोजा नसल्याचं दाखवणारी ईसी. घर अजून आजोबांच्या नावावर आणि वारस चौघं, असं असेल तर काका-आत्यांना आत्ताच बोलवा. यूकेच्या व्हिसासाठी स्वतःचे पैसे दाखवणार असाल तर ते खात्यात सलग 28 दिवस राहावे लागतात. शेवटच्या आठवड्यात मामाकडून आणून भरलेले चालत नाहीत. त्याच व्हिसासाठी टीबीची तपासणीही मान्यताप्राप्त केंद्रातूनच करावी लागते, गावच्या डॉक्टरांनी काढलेली छातीची फिल्म उपयोगाची नाही. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षं चालतो, त्यामुळे परीक्षा फार आधीही उरकू नका.

कागद इतके सांगितले, पण माझ्या मते खरी तयारी दुसरीच आहे. फी भरायच्या आधी एक हंगाम कुठल्यातरी किचनमध्ये उभे राहा. लग्नाच्या केटररकडे, महामार्गावरच्या हॉटेलात, नाहीतर चोर्ल्यातून उतरून गोव्यात. ओळखीचं कोणी ना कोणी तिथे असतंच. पदवीच्या नावात मॅनेजमेंट आहे आणि पुढे हिशेब, मार्केटिंग, खोल्यांचे दर ठरवणं हे सगळं येतंही. सुरुवातीला मात्र हात आणि पाय लागतात. लोझानमध्येसुद्धा पहिलं तयारीचं वर्ष किचन, सर्व्हिस, हाउसकीपिंग आणि सहा महिन्यांची इंटर्नशिप यांतच जातं. गाजराचे ज्युलियन (काड्यांसारखे लांब तुकडे) कापताना तीन मिलिमीटर म्हणजे तीनच. घरी पोह्यांसाठी कांदा चिरणारा हात तिथे पहिल्या दिवशी अडखळतो. उजव्या हातात सुरी, डाव्या हाताची बोटं आत वळवलेली, पात्याला बोटाच्या पेराचा आधार: एवढं घरी रोज पाच किलो बटाट्यांवर करा. ताट धरताना अंगठा काठाच्या आत जाऊ देऊ नका. चादरीचे कोपरे दुमडून ताणून घालायला शिका. आणि सलग आठ तास उभे राहून बघा, कारण हा कोर्स सोडून परत येणाऱ्यांना अभ्यासाआधी टाचा नडतात.

घरात मांस-दारूवरही एकदा मोकळं बोला. बीफ, पोर्क, वाइन हे सगळं हाताळावं लागेल. वारकरी घरातली पोरं हे करत नाहीत असं नाही, पण आजीला ते फोटोतून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळलेलं बरं.

मुलाखतीत आणि अर्जाच्या निबंधात ‘मला लहानपणापासून पाहुणचाराची आवड’ हे सगळेच लिहितात. तुम्ही महालक्ष्मीच्या यात्रेचं लिहा. काही वर्षांनी एकदा भरणारी गावची यात्रा, घरात उतरलेले पाहुणे, पाण्याचा टँकर कधी बोलावला, भात किती किलो शिजवला, कोणाला कुठे झोपवलं, काय कमी पडलं. हे खरंखुरं नियोजन आहे आणि तुमच्याकडे ते आयतं आहे. भाषांच्या रकान्यात मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी आणि येत असेल तर कोकणी, सगळ्या लिहा. बाजारात कन्नड बोलणाऱ्याला ती ‘येते’ असं वाटतच नाही, पण ती येते. फ्रेंच किंवा जर्मनची ए-वन, म्हणजे पहिली पातळी, आत्ता केलीत तर फ्रंट ऑफिसला उपयोगी पडेल.

सामान शेवटी. काळा सूट इथल्याच शिंप्याकडून शिवून घ्या, थोडा सैल. न घसरणाऱ्या तळव्यांचे काळे बूट दोन जोड, महिनाभर वापरून पायाला रुळलेले. सुऱ्यांचा संच चेक-इनच्या बॅगेत, हातातल्या बॅगेत नाही. शेंगांची चटणी, कांदा-लसूण मसाला न्या. कुंदा आणि तूप मात्र घरीच ठेवा, भारतातून दुधाचे पदार्थ युरोपात, यूकेत आणि स्वित्झर्लंडमध्ये सामानातून नेता येत नाहीत.