घोड्याला पोटकळ आली की बैलाचे उपाय बाजूला ठेवा

घोडा अचानक चंदी (दाण्याचा खुराक) सोडतो. पुढच्या पायाने जमीन उकरायला लागतो, मान वळवून कुशीकडे बघतो, वरचा ओठ उचलतो. खाली बसतो, उठतो, परत बसतो. कुणी गडबडा लोळतो, कुणाला मानेपासून घाम सुटतो. ही पोटशुळाची लक्षणं, डॉक्टर याला कॉलिक म्हणतात. अशा वेळी मालकाकडून होणाऱ्या बहुतेक चुका मी कोरेगाव-खटाव पट्ट्यात आणि तिकडे विटा-तासगावकडे पाहिल्या आहेत. त्यांचं मूळ एकच: आपण घोड्याला गाई-बैलाचे उपाय करतो. पुसेगाव, खरसुंडीच्या जत्रा बघत मोठा झालेला माणूस खिलार बैलाचं दुखणं लांबून ओळखतो. ती जाण मोलाची आहे, पण घोड्याच्या पोटाला ती लागू पडत नाही.

गाय रवंथ करते, ढेकर देते, पोटातला वायू वर काढून टाकते. घोड्याचं जठर एका कप्प्याचं आणि लहान, साधारण ८ ते १५ लिटरचं. अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू इतका घट्ट असतो की घोड्याला ओकता येत नाही. आत पाणी किंवा वायू साठत गेला तर वर यायला वाटच नसते आणि ताण वाढत जाऊन जठर फुटूही शकतं. चारा आंबवून पचवायचं काम घोड्यात शेवटी, मोठ्या आतड्यात होतं. हे लांबलचक आतडं पोटात घडी घालून सैल पडलेलं असतं आणि घडीच्या एका वळणावर एकदम अरुंद होतं. कोरडा चारा बऱ्याचदा तिथेच अडकतो. वायू भरला तर सैल आतडं जागा सोडतं, कधी त्याला पीळ पडतो. पीळ पडल्यावर घरगुती कुठल्याच गोष्टीने तो सुटत नाही, तिथे फक्त वेळ जातो.

बाटलीने तेल पाजू नका

सगळ्यात जास्त नुकसान या एका उपायाने होतं. तुळईला दोर टाकून घोड्याचं तोंड वर ओढतात, ओठाच्या कोपऱ्यातून बाटली घालतात आणि गोडेतेल, हिंगाचं पाणी, सोडा, जे कुणी सुचवेल ते ओततात. बैलाला असं पाजताना निभावून जातं. कळांनी तळमळणारा, मान ताणून बांधलेला घोडा नीट गिळत नाही आणि ते तेल श्वासनलिकेत उतरतं. लिक्विड पॅराफिन, म्हणजे पोट साफ करायचं खनिज तेल, तर आणखी वाईट. त्याला चव नाही, ते घशाला टोचत नाही, म्हणून फुप्फुसात जाताना घोडा खोकतही नाही. पोट मोकळं होतं, घरच्यांना हायसं वाटतं आणि दोन-चार दिवसांनी घोडा न्यूमोनियाने जातो. मग लोक म्हणतात, पोटदुखीनेच गेला.

डॉक्टरही पॅराफिनच देतात, पण नाकातून थेट जठरात नळी घालून. आणि देण्याआधी ते नळीतून उलट काही बाहेर येतंय का ते बघतात. जठर तुडुंब भरलेलं असेल तर आणखी ओतायचं नसतं, आधी रिकामं करायचं असतं. कित्येकदा त्या रिकामं करण्यानेच घोडा वाचतो.

पोट फुगलेल्या गाईच्या डाव्या भकाळीत (बरगड्यांमागच्या खोलगट जागेत) सुई टोचून वायू काढताना अनेकांनी पाहिलेलं असतं. घोड्यावर हा प्रयोग करू नका, आतली घाण पोटाच्या पोकळीत सांडते. गुदद्वारातून पाण्याचा पाईपही घालायचा नाही आणि हातही. तिथला पडदा पातळ असतो, फाटला की दुखणं हाताबाहेर गेलं.

इंजेक्शनवर इंजेक्शन

माणसांच्या औषधाच्या दुकानातून डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक आणून ठोकणारे अजून आहेत. गिधाडांच्या मृत्यूंमुळे जनावरांसाठी हे औषध आपल्या देशात २००६ पासून बंद आहे. घोड्याच्या पोटकळेला डॉक्टर बऱ्याचदा फ्लुनिक्सिन हे वेदनाशामक देतात आणि ते चांगलं लागू पडतं. अडचण तिथेच आहे. कळ थांबते म्हणून मालक डॉक्टरांना ‘आता येऊ नका’ सांगतो, चार-पाच तासांनी कळ उठली की घरात उरलेला दुसरा डोस देतो. औषध देऊनही कळ लवकर परत येणं, हीच धोक्याची सर्वात मोठी खूण असते आणि ती आपण पुन्हा औषधाखाली झाकून टाकतो. शिवाय हे औषध मांसात दिलं तर तिथे जीवघेणा संसर्ग होऊ शकतो, ते शिरेतच जायला हवं. म्हणजे काम डॉक्टरांचंच. काय दिलं, किती दिलं, किती वाजता दिलं, हे तबेल्याच्या भिंतीवर खडूने लिहा. रात्री दोन वाजता कुणाच्याच लक्षात राहत नाही.

तासन्‌तास तळमळणारा घोडा अचानक गप्प उभा राहिला तर लगेच नारळ फोडायला जाऊ नका. अंगाला गार घाम, हिरड्या काळपट-जांभळ्या, नाडी पळतेय आणि तरी घोडा शांत, असं असेल तर आत जठर किंवा आतडं फुटल्याची शक्यता असते. खरा बरा होणारा घोडा लीद टाकतो, कान हलवतो, चाऱ्याकडे बघतो.

रात्रभर फिरवणं

दहा-पंधरा मिनिटं हळू चालवलं तर वायूच्या साध्या कळेत फरक पडतो. पण पोरं आळीपाळीने लगाम धरून पहाटेपर्यंत घोडा ओढत राहतात, तेव्हा कळेत थकवा आणि तहान यांची भर पडते. खाली बसला की आतड्याला पीळ पडतोच, या समजुतीपायी हे सगळं होतं. शांत पडून राहिला असेल तर पडू द्या. जोरात आपटून घेत असेल तर मोकळ्या, मऊ जागेत सोडा आणि लहान मुलांना लांब ठेवा. टाप लागून माणूस जखमी झाला तर घोड्याकडे बघायला कुणी उरत नाही. स्वार होऊन दौडवणं तर नकोच.

फोन करताना हातात काय हवं

आधी गव्हाण रिकामी करा, खाली अंथरलेलं गवतसुद्धा काढा. पाण्याचं डॉक्टरांना विचारा. मग नाडी. खालच्या जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेला दोन बोटं आडवी फिरवा. पेन्सिलीएवढी जाड, बोटाखाली सरकणारी शीर लागेल. हलकं दाबून १५ सेकंद ठोके मोजा, चारने गुणा. निवांत घोड्याचे मिनिटाला २८ ते ४४ असतात. ६० च्या वर गेले तर प्रकरण गंभीर आहे, ८० च्या वर तर फारच. हे बोटाला सापडायला सराव लागतो, तो घोडा धडधाकट असताना खरारा करता करता करून ठेवा.

वरचा ओठ उचलून हिरडी अंगठ्याने दाबा. पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. दोन्ही भकाळींना कान लावा. गुडगुड ऐकू येणं चांगलं, दोन्हीकडे शुकशुकाट असणं वाईट. ताप ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान हवा. शेवटची लीद कधी टाकली, चारा बदललाय का, घोडी गाभण असेल तर कितवा महिना, हे सांगा. दिवस भरत आलेल्या घोडीचं गर्भाशय फिरलं तरी दिसायला हेच दिसतं. वळू घोडा असेल तर अंडकोश सुजलेत का ते बघून सांगा. वीटभट्टीवरची गाढवं आणि खेचरं दुखणं फार लपवतात. ती नुसती मान खाली घालून उभी असली, खाईनाशी झाली, तरी तेवढ्यावरच फोन करा.

सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा नंबर आहे. आपल्याकडचे बहुतेक पशुवैद्य दिवसभर गाई-म्हशी बघतात, हे ध्यानात घेऊन आजच विचारून ठेवा: घोड्याची नाकातून घालायची नळी जवळ कुणाकडे आहे? शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जत-आटपाडीकडून ते लांब पडतं, त्यामुळे पिकअपवाल्याचा नंबरही जवळ हवा. घोड्याच्या पोटाची शस्त्रक्रिया आपल्या भागात रोज होणारी गोष्ट नाही, म्हणून पहिले दोन-तीन तासच हातचे.

कळ येते कुठून

उसाचा हंगाम सुरू झाला की फडातून वाढे (उसाचे हिरवे शेंडे) फुकट मिळतात आणि कालपर्यंत गवत खाणाऱ्या घोड्यापुढे एका दिवसात चिवट वाढ्यांचा भारा पडतो. पावसात भिजून बुरशी आलेला कडबा, शर्यतीच्या तोंडावर एकदम वाढवलेली चंदी, पाचगणीच्या टेबललँडवर पर्यटकांनी हौसेने भरवलेली कणसं, सगळ्यांचा मार त्याच आतड्यावर. कुठलाही चारा ७ ते १० दिवसांत थोडाथोडा बदला. थंडीत गार पाणी घोडा कमी पितो, चारा मात्र कोरडाच खातो. अशा रात्री कोमट पाणी ठेवा. वर्षातून एकदा दात दाखवा, जंताचं औषध लीद तपासून द्या.

सर्वात महत्त्वाचं: दुभत्या जनावरांचं किंवा कोंबड्यांचं तयार खाद्य घोड्याला घालू नका. त्यातल्या काहींत मोनेन्सिनसारखं औषध मिसळलेलं असतं. गाईला ते पचतं, घोड्याच्या हृदयावर ते थोड्या प्रमाणातही घाला घालतं. सुरुवातीला घाम आणि अस्वस्थपणा कॉलिकसारखाच दिसतो. पोतं उघडं राहून घोड्याने तोंड घातलं असेल तर डॉक्टरांना ही गोष्ट सर्वात आधी सांगा.

कळ गेल्यावर लगेच भरलेला तोबरा बांधू नका. डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे मूठ-दोन मूठ ओला चारा, मग हळूहळू गवत, चंदी सर्वात शेवटी. दाण्याच्या पोत्यात तोंड घातल्याने कळ आली असेल तर तो त्रास खुरांत उतरू शकतो, म्हणून पुढचे दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ चारही खुरांवर तळहात ठेवून बघा. खूर गरम लागले, किंवा घोडा पुढचे पाय लांब टाकून मागे रेलून उभा राहिला, तर पोट बरं असलं तरी डॉक्टरांना त्याच दिवशी परत बोलवा.