अंदाजपत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅटलॉगला स्वतःचे दर कसे लावावेत

अंदाजपत्रकाच्या सॉफ्टवेअरमधील कॅटलॉगचे दर बहुधा पुरवठादाराच्या यादीवरून घेतलेले असतात. आपल्याला माल पडतो तो भाव आणि आपण ग्राहकाला लावतो तो भाव या यादीहून वेगळे असल्याने स्वतःचे दर भरावे लागतात. मात्र ते मूळ दर खोडून त्या जागी कधीही भरू नयेत. पुरवठादाराची नवी यादी आयात केली की मूळ दराचा रकाना सहसा नव्याने भरला जातो आणि हाताने केलेले बदल नाहीसे होतात.

म्हणून प्रथम संपूर्ण कॅटलॉग निर्यात करून त्याची प्रत जपून ठेवावी. त्यानंतर सेटिंगमध्ये 'प्राइस लिस्ट' किंवा 'कस्टम प्राइस' अशा नावाचा विभाग शोधून तेथे वेगळी दरसूची तयार करावी आणि ती कोणत्या तारखेपासून लागू होईल हे नोंदवावे. दरसूचीला 'नवे दर' असे नाव देण्याचा मोह टाळावा, कारण पुढची सूची आली की हीच जुनी होते.

दर भरण्याआधी प्रत्येक वस्तूचे एकक पाहावे. खरेदी खोक्याने आणि विक्री नगाने होत असेल, तर एका खोक्यात किती नग हे सॉफ्टवेअरला सांगितलेले असले पाहिजे. नाहीतर एका नगाला अख्ख्या खोक्याचा दर लागतो. दर करासह आहे की कराविना, हेही याच वेळी ठरवावे.

आता दराची पद्धत निवडावी. मोजक्या वस्तूंना ठरावीक दर देणे सोपे असते, पण शेकडो वस्तू असल्यास खरेदी किमतीवर आधारलेले सूत्र बरे, कारण खरेदी किंमत बदलली की विक्रीचा दर आपोआप बदलतो. येथे मार्कअप (खरेदी किमतीवर चढवलेली टक्केवारी) आणि मार्जिन (विक्रीच्या दरातील नफ्याची टक्केवारी) यांची गल्लत सर्वाधिक होते, आणि माझ्या मते नफा गळण्याची ही सर्वात सहज न दिसणारी जागा आहे. खरेदी किंमत 100 असताना 25 टक्के मार्कअप लावल्यास दर 125 होतो, परंतु विक्रीच्या तुलनेत नफा 20 टक्केच राहतो. विक्रीवर 25 टक्के नफा हवा असेल, तर 100 ला 0.75 ने भागावे लागते आणि दर 133.33 येतो. सॉफ्टवेअरमधील टक्केवारीचा रकाना यांपैकी कोणता अर्थ धरतो, हे एका वस्तूवर तपासूनच बाकीच्यांना सूत्र लावावे.

दर फाइलमधून आयात करायचे असल्यास आयटम कोडचा रकाना मजकूर म्हणून ठेवावा. तो संख्या म्हणून वाचला गेला, तर 00457 चे 457 होते आणि वस्तू जुळत नाही.

एकाच वस्तूला मूळ दर, आपला दर, ग्राहकासाठीचा खास दर आणि प्रमाणानुसार सूट असे अनेक दर असतील, तर त्यांतील कोणता आधी लागतो याचा क्रम ठरवून द्यावा. मग नमुन्याचे एक अंदाजपत्रक करून ठरावीक दराची, सूत्राची आणि खास ग्राहकाची प्रत्येकी एक वस्तू त्यात घालावी व आलेले आकडे स्वतः हिशोब करून पडताळावेत. दरसूची चालू करण्यापूर्वी, आधी पाठवलेल्या अंदाजपत्रकांचे दर गोठवलेले आहेत ना, याची खात्री करावी. तसे नसेल, तर ग्राहकाकडील प्रत आणि आपल्याकडील नोंद यांत तफावत पडते.