वांगाची ‘ती’ ट्यूब आणि पोटुशी बाई: या चुका टाळा

बेळगावच्या शहापुरात माझं मेडिकल आहे, सोळा वर्षं झाली. आठवड्यातून दोनदा तरी कुणी येतंच, "अक्का, वांगाची ती ट्यूब द्या की." वांग म्हणजे गालावरचे काळपट डाग. ती म्हणजे कुठली? तर जाऊ लावते ती. दिवस गेलेत काय, असं विचारलं की मागे उभी असलेली सासू आधी उत्तर देते, "तोंडाला तर लावायची, पोटात कुठं घ्यायची हाय?" या एका वाक्याने मला जेवढा ताप दिलाय तेवढा जीएसटीनेही दिला नाही.

कातडी म्हणजे रेनकोट नव्हे. डाग फिकट करणारं हायड्रोक्विनोन चेहऱ्याला लावलं तर त्यातलं तिसऱ्या हिश्श्याहून जास्त अंगात शोषलं जातं. आपल्याकडे हातोहात खपणाऱ्या वांगाच्या बऱ्याच ट्यूबांत तीन औषधं एकत्र असतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनसारखं स्टेरॉइड. ट्रेटिनॉइन व्हिटॅमिन ए च्या घराण्यातलं. त्याच घराण्यातल्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळीने पोटातल्या बाळाच्या मेंदूत, हृदयात, चेहऱ्यात व्यंग येऊ शकतं, म्हणून गोळी बंद केल्यावरही किमान एक महिना दिवस राहू द्यायचे नसतात. मलमातून तेवढं अंगात जात नाही हे खरं, पण डागासाठी ती जोखीम घ्यायची कशाला? सिरमच्या बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेली रेटिनॉल, अ‍ॅडापलीन हीही त्याच घरची मंडळी.

काही वर्षांपूर्वी येळ्ळूरहून एक सून आली. पाचवा महिना. गाल लालबुंद, कातडी इतकी पातळ की बारीक शिरा दिसत होत्या, हनुवटीवर पुरळ. दोन दिवस ट्यूब लावली नाही की आग व्हायची, म्हणून परत लावायची. तीन महिने हेच चाललेलं. ट्यूब जावेची. नशीब, पिशवीत खोकंही होतं. ते फिरवून बघितलं तर बाजूला बॉलपेनने लिहिलेलं, "रात्री, पातळ". अक्षर माझं. जावेला मीच दिलेली, गर्दीच्या वेळी, डॉक्टरांची चिठ्ठी न बघता. असली स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत हा नियम 2018 मध्येच आलेला, तो मला पाठ होता, तरी दिली. त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं, बाळंतपणाच्या डॉक्टरांनाही हेच खोकं दाखव म्हणून बजावलं. ट्यूब त्याच दिवशी बंद झाली. पुढचे पंधरा-वीस दिवस चेहरा उकडलेल्या बीटासारखा. ती रडायची, आणि मी तिला धीर देत आतून घाबरलेली. सोनोग्राफी नीट आली. पोरगी आता अंगणवाडीत जाते. तेव्हापासून माझ्याकडे वांगाची ट्यूब चिठ्ठीशिवाय मिळत नाही. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं तर जाऊ दे.

मग वांगाला करायचं काय? ते येतं हार्मोनमुळे आणि वाढतं उन्हाने. बाळंतपणानंतर काही महिन्यांत बऱ्याच जणींचं आपोआप फिकं होतं. तोवर झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं सनस्क्रीन लावा, शक्यतो रंगाची छटा असलेलं, कारण त्यातलं आयर्न ऑक्साइड साध्या उजेडालाही अडवतं. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं घ्या. बायका हरभऱ्याएवढं लावतात आणि गुण नाही म्हणतात. स्कूटी असो की बटाट्याचं शेत, स्कार्फ पाहिजेच. डॉक्टरांनी सांगितलं तर अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड चालतं. आठ दिवसांत फरक पाहिजे म्हणणाऱ्यांना मी काहीच देत नाही. त्या मग लायसन्स नंबर नसलेली, कुठे बनली तेही न छापलेली डबी ऑनलाइन मागवतात. असल्या डब्यांत पारा निघतो. 2023 मध्ये केरळातल्या मलप्पुरममध्ये गोरेपणाच्या क्रीममुळे माणसांची मूत्रपिंडं बिघडली होती. पारा वार (प्लासेंटा) ओलांडून बाळापर्यंत जातो.

दुसरी चूक कुणाला चूकच वाटत नाही. सातव्या-आठव्या महिन्यात खाज सुटते. पोट ताणल्यामुळे पोटाला सुटली तर खोबरेल लावा, बरं वाटेल. पण तळहात-तळपाय खाजतात, रात्री जास्त, आणि अंगावर पुरळ काहीच नाही, तर तो कातडीचा मामला नव्हे, लिव्हरचा असू शकतो. पित्तातली आम्लं रक्तात साठतात, फार वाढली तर बाळ पोटात दगावू शकतं. रक्ताची साधी तपासणी आहे. आमच्याकडे मात्र आधी कॅलॅमाइनची बाटली, मग दुसरी बाटली, मग "उष्णता झालीया". माझा रिवाज असा: गरोदर बाई कॅलॅमाइन मागायला आली की आधी हात पुढे करायला लावते आणि रात्री झोप लागते काय विचारते. तळव्यांना खाज असेल तर बाटली राहते शेल्फवर, ती जाते त्याच दिवशी डॉक्टरकडे.

बाकीचं थोडक्यात. आयुर्वेदिक म्हणून बावचीचा लेप लावून उन्हात जाऊ नका, चेहरा भाजून निघतो. लिंबाचंही तेच. कंबरदुखीची डायक्लोफेनॅक जेलसुद्धा कातडीतूनच आत जाते, शेवटच्या तिमाहीत तर नकोच. डोहाळजेवण असो की कन्नड घरातला कुबसा, अर्ध्या तासात काळी होणारी मेंदी हातावर घेऊ नका, त्यात केस रंगवायचं रसायन असतं आणि फोड येतात. मेंदीचा पाला वाटून लावा, रंग चढायला रात्र लागली तर लागू दे. मुरमांना दोन टक्क्यांपर्यंतचा सॅलिसिलिक फेसवॉश चालतो, पार्लरमधला पील नाही. स्ट्रेच मार्क थांबवणारं तेल अजून निघालेलं नाही, महागड्या बाटलीवर पैसे घालवू नका. आणि पुढे "प्रेग्नन्सी सेफ" छापलेलं असतं तो कंपनीचा शब्द. बाटली उलटी करून मागचं वाचा.

वाचता येत नसेल तर तोंडाला, केसांना, कमरेला जे जे लावता ते सगळं खोक्यासकट पिशवीत घाला, ताई कार्ड (गरोदरपणाच्या तपासण्यांचं सरकारी कार्ड) बरोबर घ्या आणि या. जावेची ट्यूबही आणा. फक्त संध्याकाळी सहानंतर नको, तेव्हा गर्दी असते. दुपारी या.