'पी'मध्ये अडकलेला ऑटोमॅटिक गिअर कसा सोडवायचा

मे महिन्यातली दुपार, नागपुरात मानेवाड्यातलं आमचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज, वर पत्रा. एक ऑटोमॅटिक सेडान पेंटच्या खोलीत न्यायची होती. वेल्डिंगसाठी पोट्ट्यानं बॅटरी काढून ठेवलेली, गिअरचा दांडा मात्र 'पी'वरच, म्हणजे पार्किंगवर. चौघं ढकलून राहिले, पण गाडी बोटभर हलायची अन् पुन्हा जागेवर. मग एकानं दांड्यालाच झटके द्यायला सुरुवात केली. म्हटलं, "थांब बे, मोडला तर तुझ्या पगारातून जाईन."

'पी'वर दोन कुलुपं असतात. एक गिअरबॉक्सच्या आत: दातेरी चक्रात खटका अडकतो आणि चाकं थांबतात. दुसरं दांड्याखाली, एक छोटा सोलेनॉइड, म्हणजे करंटवर सरकणारी खीळ. ब्रेक दाबला की त्याला करंट मिळतो, 'टक्' वाजतं आणि दांडा मोकळा होतो. बॅटरीच नाही तर करंट कुठून येणार? हे दुसरं कुलूप हातानं उघडायची सोय कंपनीनं बऱ्याच गाड्यांत दिलेली असते.

आधी चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा आणि हँडब्रेक ओढा. हे मी उगाच नाही सांगत. आमच्या फरशीला नालीकडे उतार आहे, डोळ्याला दिसत नाही. एकदा 'एन'वर, म्हणजे न्यूट्रलवर टाकलेली हॅचबॅक हळूच निघाली अन् माझ्या कॉम्प्रेसरला जाऊन भिडली. तिचा बंपर आम्हीच रंगवला, फुकट.

मग चावी 'ऑन'पर्यंत फिरवा, म्हणजे स्टिअरिंगही मोकळं होते. दांड्याच्या शेजारी नखाएवढं प्लास्टिकचं झाकण शोधा. काही गाड्यांत त्यावर 'शिफ्ट लॉक' लिहिलेलं असतं, काहींत आजूबाजूची पट्टी उचलावी लागते. मॅन्युअलमध्ये जागा सापडते. पेचकसाच्या टोकाला कापड गुंडाळून झाकण उचला, नाहीतर ओरखडा पडलाच. पाय ब्रेकवर. बारीक चपटा पेचकस खाचेत सरळ दाबून धरा आणि तसाच धरून दांड्याचं बटण दाबा, दांडा 'एन'वर आणा. जोर लागत नाही. लागत असेल तर गाडीचा भार आतल्या खटक्यावर आहे. दोघांनी गाडी चढाच्या बाजूला जराशी रेटली की दांडा लोण्यासारखा येतो.

बॅटरी ठणठणीत असूनही दांडा अडकला, तर आधी मागं जाऊन ब्रेकलाइट पाहा. पेडल दाबूनही लागत नसतील तर फ्यूज किंवा पेडलवरचा स्विच गेला. लाइट लागतात पण 'टक्' येत नाही, तर सोलेनॉइड किंवा त्याची वायर तपासा. कन्सोलमध्ये सांडलेलं कोल्ड्रिंक आतमध्ये चिकट होऊन बसलेलंही आम्ही पाहिलं आहे.

गोल नॉब किंवा बटणांचे गिअर असतात त्या गाड्यांत ही खाच शोधत बसू नका. तिथं गिअर विजेवरच बदलतो, कंपनीची रीत वेगळी. एएमटीमध्ये (गिअरबॉक्स साधाच, पण क्लच अन् गिअर मशीन बदलते) तर 'पी'च नसतो. गाडी गिअरमध्ये बंद पडली अन् बॅटरी बसली, की तिलाही आधी करंटच द्यावा लागतो. इलेक्ट्रिक हँडब्रेकचंही तेच. म्हणून आमच्याकडे आता बॅटरीला पाना लावायच्या आधी ठोकळे, मग दांडा 'एन'वर, इलेक्ट्रिक हँडब्रेक सोडलेला.

आणि 'एन'वर आली म्हणून ऑटोमॅटिक गाडी दोरी बांधून लांब टोचन करू नका बाप्पा. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सच्या आतला तेलाचा पंप फिरत नाही, आतले भाग कोरडे घासतात. पुढच्या चाकांवर चालणारी असेल तर पुढची चाकं उचलून न्या, नाहीतर सरळ फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पाठीवर घेऊन नेणारा ट्रक बोलवा. गॅरेजातल्या गॅरेजात ढकलायला काही हरकत नाही.

झाकण मात्र खिशात ठेवा, काम झालं की परत बसवा. आठ हजाराचं पेंट ग्राहकाला आवडते न आवडते, पण हरवलेलं झाकण त्याला गाडीत बसताबसता दिसते.